वनस्पतीनिर्मित इन्फ्लुएंझा लस

वनस्पतीनिर्मित इन्फ्लुएंझा लस म्हणजे इन्फ्लुएंझा किंवा फ्लू या रोगाच्या विषाणूवरील विशिष्ट प्रथिन वनस्पतीच्या पेशींकडून तयार करवून घेऊन, ते शुद्ध करून बनवलेली लस होय. इन्फ्लुएंझाच्या बहुसंख्य लसी आजही कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवून बनवल्या जातात. वनस्पतीच्या पद्धतीत अंड्याची जागा पान घेते आणि प्रत्यक्ष विषाणू वाढवण्याची गरज राहत नाही. विषाणूच्या एका जनुकाचा क्रम ठाऊक असला की काम सुरू करता येते. या कामासाठी मुख्यतः निकोटियाना बेंथॅमियाना ही तंबाखूच्या कुळातील, मूळची ऑस्ट्रेलियातील वनस्पती वापरतात.

या तंत्राचा सर्वांत मोठा प्रयोग कॅनडातील क्युबेक शहरात मेडिकागो या कंपनीने केला. तिची लस मानवी चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेली. मात्र ती बाजारात आली नाही आणि २०२३ मध्ये कंपनीच बंद करण्याचा निर्णय झाला. वनस्पतीनिर्मित लस आणि ‘खाण्याची लस’ यांत अनेकदा गल्लत केली जाते. येथे वर्णन केलेल्या पद्धतीत पान कोणी खात नाही. पानातून काढलेले शुद्ध प्रथिन नेहमीच्या लशीप्रमाणे दंडात टोचले जाते.

पार्श्वभूमी

इन्फ्लुएंझाच्या लशीचा इतिहास हा बऱ्याच अंशी वेळेशी लागलेल्या शर्यतीचा इतिहास आहे. हा विषाणू सतत बदलत असल्याने लस दरवर्षी नव्याने बनवावी लागते, आणि महासाथीचा नवा विषाणू आला तर लस तयार होईपर्यंत साथीची पहिली लाट बहुधा येऊन गेलेली असते. महाराष्ट्राने हा अनुभव किमान दोनदा घेतला आहे.

१९१८ ची मुंबई

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. पुढील काही दिवसांत जहाज कंपन्या, पोर्ट ट्रस्ट आणि बँकांतील कर्मचारी आजारी पडू लागले आणि महिनाअखेरपर्यंत साथ शहरभर पसरली. पहिली लाट जुलैत ओसरली. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट कितीतरी अधिक घातक होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. संपूर्ण भारतातील मृत्यूंचे अंदाज साधारणपणे १ कोटी २० लाख ते २ कोटी यांदरम्यान आहेत.

त्या वेळी मुंबईत लस बनवणारी संस्था नव्हती असे नाही. परळ-भोईवाडा परिसरातील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून प्लेग संशोधन प्रयोगशाळा काम करत होती. १९०६ मध्ये तिचे नाव बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाले आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९६ च्या प्लेगच्या साथीत ग्रँट मेडिकल कॉलेजात लशीचे काम सुरू केले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मांसरसाच्या द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या खाली प्लेगचे जिवाणू वाढवण्याची त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. जिवाणूंच्या वसाहती तुपाच्या थेंबाखाली छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांप्रमाणे वाढत. बरणी हलवली की त्या तळाशी बसत आणि पुन्हा नवी वाढ सुरू होई. पुरेशी वाढ झाल्यावर जिवाणू उष्णतेने मारून लस बनवली जाई.

म्हणजे १९१८ मध्ये परळच्या प्रयोगशाळेकडे मोठ्या प्रमाणावर लस बनवण्याचा दोन दशकांचा अनुभव होता. नव्हते ते रोगाच्या कारणाचे ज्ञान. इन्फ्लुएंझा हा फायफरच्या जिवाणूमुळे होतो असा त्या काळी बहुतेकांचा समज होता आणि जगभर त्या व इतर जिवाणूंपासून बनवलेल्या लसी दिल्या जात होत्या. त्यांचा मूळ रोगावर परिणाम होणे शक्यच नव्हते. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ मध्ये लंडन येथे विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी प्रथम वेगळा केला.

मुंबईतील मृत्यूंची समाजगटांनुसार नोंद उपलब्ध आहे. कनिष्ठ गणल्या गेलेल्या जातींतील हिंदूंमध्ये मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६१.६ होते, इतर हिंदूंमध्ये १८.९, मुसलमानांमध्ये १९.२, पारशांमध्ये ९.० आणि युरोपियनांमध्ये ८.३. विषाणू एकच होता. फरक वस्तीचा, अन्नाचा आणि शुश्रूषेचा होता. लस किती मिळते आणि कोणाला आधी मिळते या आजच्या वादांकडे पाहताना ही आकडेवारी ध्यानात घ्यावी लागते.

अंड्यांवर अवलंबून असलेली लस

विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढत नाही. त्यामुळे जिवाणूंप्रमाणे तो बरणीतील द्रवात वाढवता येत नाही. फलित अंड्यातील गर्भाभोवतीच्या पडद्यांत विषाणू वाढवता येतात हे अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९३१ मध्ये दाखवले. थॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क यांनी अमेरिकी सैन्यासाठी मृत विषाणूंची लस विकसित केली आणि १९४५ मध्ये ती नागरी वापरासाठी मंजूर झाली. मूळ पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. नऊ ते अकरा दिवस उबवलेल्या अंड्याला सूक्ष्म छिद्र पाडून विषाणू आत सोडतात, अंडे दोन-तीन दिवस उबवणी यंत्रात ठेवतात आणि नंतर आतला द्रव काढून त्यातील विषाणू निष्क्रिय व शुद्ध करतात. ढोबळमानाने एका अंड्यापासून लशीची एकच मात्रा निघते. म्हणून दहा कोटी मात्रा हव्या असतील तर अंडीही त्याच प्रमाणात लागतात, तीही ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वयाची. विषाणूची निवड झाल्यापासून लस बाजारात येईपर्यंत सुमारे सहा महिने जातात.

या पद्धतीचा आणखी एक दोष तुलनेने उशिरा ध्यानात आला. माणसाच्या घशात वाढणारा विषाणू अंड्यात वाढवताना तो अंड्याशी जुळवून घेतो आणि त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनात बदल होतात. एच३एन२ प्रकारच्या विषाणूत हे विशेषकरून घडते. परिणामी लस घेतलेल्या व्यक्तीचे शरीर अंड्यातील विषाणू ओळखायला शिकते, तर बाहेर फिरणारा विषाणू थोडा वेगळा असतो. २०१६-१७ च्या हंगामात लशीचा प्रभाव कमी राहण्यामागे हे एक कारण असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे.

अंड्याला पर्याय म्हणून वनस्पतीखेरीज दोन मार्ग प्रत्यक्ष वापरात आले आहेत. कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या पेशींत विषाणू वाढवून बनवलेल्या लशीला युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१२ मध्ये परवाना मिळाला. कीटकांच्या पेशींत केवळ विषाणूचे प्रथिन तयार करून बनवलेल्या लशीला अमेरिकेत जानेवारी २०१३ मध्ये मान्यता मिळाली. वनस्पतीची पद्धत तत्त्वतः या दुसऱ्या मार्गाच्या जवळची आहे.

नवापूर आणि पुणे

अंड्यावरील अवलंबित्वाचा धोका महाराष्ट्रात फेब्रुवारी २००६ मध्ये उघडपणे दिसला. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कुक्कुटपालन केंद्रांत एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची भारतातील पहिली साथ आढळली. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या आणि अंडी नष्ट करण्यात आली. पुढील महिन्यात जळगाव जिल्ह्यातही लागण आढळली. नवापुरात माणसांमध्ये साथ पसरली नाही. परंतु हाच विषाणू माणसांत पसरू लागला असता तर त्याविरुद्धची लस ज्या अंड्यांत बनवायची ती देणाऱ्या कोंबड्याच आधी बळी पडल्या असत्या. लस उत्पादनासाठीच्या कोंबड्यांचे कळप कडेकोट बंदोबस्तात ठेवले जातात हे खरे. तरी हा पेच कागदावरचा नाही, हे त्या महिन्यात कळले.

तीन वर्षांनी, २००९ मध्ये, एच१एन१ या स्वाइन फ्लूची महासाथ आली. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी महासाथ जाहीर केली. भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. दगावलेली मुलगी शाळकरी होती. पुण्यातील नायडू रुग्णालय आणि मुंबईतील कस्तुरबा रुग्णालय येथे तपासणीसाठी रांगा लागल्या, दोन्ही शहरांतील शाळा काही दिवस बंद ठेवल्या गेल्या आणि मुंबईत अनेक मंडळांनी त्या वर्षीची दहीहंडी आखडती घेतली. नमुन्यांच्या चाचणीचा भार पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर होता. परळच्या हाफकिन संस्थेतही चाचणीची सोय करण्यात आली.

स्वदेशी लस मात्र जवळजवळ वर्षभराने आली. अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीची लस जून २०१० मध्ये, तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारण्याची ‘नेझोव्हॅक’ ही लस जुलै २०१० मध्ये उपलब्ध झाली. दोन्ही अंड्यांत बनवलेल्या होत्या. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात त्या पावसाळ्यातही रुग्ण आढळत राहिल्याने लस अगदीच निरुपयोगी ठरली नाही. पण ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात ज्यांना तिची गरज होती त्यांच्यासाठी ती नव्हती.

त्याच २००९ साली, विषाणूच्या जनुकाचा क्रम प्रसिद्ध झाल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत, मेडिकागोने आपल्या हरितगृहातील पानांतून या विषाणूविरुद्धच्या लशीचे प्रथिन तयार करून दाखवले होते. प्रथिन तयार होणे आणि चाचणी होऊन लस मंजूर होणे यांत मोठे अंतर असते, त्यामुळे ‘तीन आठवडे’ आणि ‘एक वर्ष’ यांची सरळ तुलना करणे योग्य नाही. तरीही या पद्धतीकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते या आकड्यामुळेच.

निर्मितीची पद्धत

इन्फ्लुएंझाच्या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन काट्यांप्रमाणे उभे असते. विषाणू याच काट्यांच्या आधारे माणसाच्या श्वसनमार्गातील पेशींना चिकटतो. शरीराने या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली तर विषाणूला पेशीत शिरता येत नाही. त्यामुळे लशीचा मुख्य घटक हेच प्रथिन असते. एच१एन१ किंवा एच५एन१ या नावांतील ‘एच’ हे अक्षर याच प्रथिनाचे आहे.

वनस्पतीला हे प्रथिन तयार करायला लावण्याचे काम एक जिवाणू करतो. ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमिफेशियन्स हा जमिनीतील जिवाणू निसर्गतः झाडांच्या खोडावर गाठी निर्माण करतो. त्यासाठी तो आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. दुसऱ्या सजीवाच्या पेशीत जनुक पोहोचवण्याची ही सोय निसर्गातच असल्याने वनस्पती जैवतंत्रज्ञानात तिचा सर्रास उपयोग होतो. प्रयोगशाळेत या तुकड्यातील गाठ निर्माण करणारी जनुके काढून त्यांच्या जागी हिमॅग्लुटिनिनचे जनुक बसवतात.

निकोटियाना बेंथॅमियानाची रोपे बंदिस्त हरितगृहात सुमारे पाच-सहा आठवडे वाढवतात. मग रोपांचे ताटवे उलटे करून त्यांची पाने जिवाणू मिसळलेल्या पाण्यात बुडवतात आणि भोवतालची हवा पंपाने ओढून घेतात. पानांच्या आतील पोकळ्यांतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. हवा पुन्हा आत सोडताच ती मोकळी झालेली जागा जिवाणूयुक्त पाणी भरून काढते. बाहेर काढलेली पाने ओलसर व काळपट हिरवी दिसतात. ही सारी क्रिया काही मिनिटांची असते. यानंतर रोपे पुन्हा उजेडात ठेवली जातात आणि पुढील पाच ते सात दिवस पानांच्या पेशी हिमॅग्लुटिनिन तयार करत राहतात.

निकोटियाना बेंथॅमियानाची निवड तिच्या एका उणिवेमुळे झाली आहे. बहुतेक वनस्पती पेशीत घुसलेले परके जनुक ओळखून ते गप्प करतात. विषाणूंपासून बचाव करण्याची ती त्यांची पद्धत आहे. या वनस्पतीत ही संरक्षण यंत्रणा कमकुवत आहे. उरलासुरला विरोधही मोडून काढण्यासाठी वनस्पतींच्या एका विषाणूपासून घेतलेले पी१९ नावाचे प्रथिन सोबत वापरतात.

तयार झालेले हिमॅग्लुटिनिन पेशीच्या पटलावर गोळा होते आणि त्या पटलाचा छोटा फुगवटा तुटून वेगळा होतो. अशा प्रकारे विषाणूच्या आकाराचा, बाहेरून त्याच्यासारख्याच काट्यांचा, पण आतून रिकामा कण तयार होतो. याला विषाणूसदृश कण म्हणतात. त्यात विषाणूची जनुके नसल्याने त्यापासून रोग होऊ शकत नाही, आणि खऱ्या विषाणूसारखी ठेवण असल्याने प्रतिकारयंत्रणा सुट्या प्रथिनापेक्षा त्याला अधिक जोरकस प्रतिसाद देते. विशेष म्हणजे वनस्पतीला यासाठी हिमॅग्लुटिनिन हे एकच प्रथिन पुरते. क्युबेकमधील संशोधकांनी ही गोष्ट २००८ मध्ये प्रसिद्ध केली. एच५एन१ विरुद्धच्या अशा कणांच्या अल्प मात्रेने उंदरांचे प्राणघातक लागणीपासून रक्षण झाल्याचे त्यात दाखवले होते.

पाने तोडल्यावर विकरांच्या साहाय्याने पेशीभित्तिका विरघळवून कण मोकळे केले जातात आणि गाळण्याच्या व शुद्धीकरणाच्या अनेक पायऱ्यांनंतर लस बनते. खर्चाचा मोठा वाटा याच टप्प्यात असतो. वनस्पती ऊन, पाणी व खतावर वाढते म्हणून लस अत्यंत स्वस्त पडेल, असे सुरुवातीच्या काळात सांगितले जाई. ते अर्धवट खरे आहे. पान स्वस्त असले तरी पानातील हरितद्रव्य, निकोटीनसारखी अल्कलॉइडे आणि जिवाणूंचे अवशेष काढून टाकणे स्वस्त नाही.

या पद्धतीत जनुक वनस्पतीच्या बीजात जात नाही. पान तोडले की त्या रोपाचे काम संपते. पुढील हंगामात विषाणू बदलला तर रोपे तीच राहतात, केवळ जिवाणूतील जनुक बदलावे लागते. कायमस्वरूपी जनुकपरिवर्तित पिकापेक्षा हा मोठा फरक आहे.

विकासाचा इतिहास

वनस्पतीत लशीचे प्रथिन तयार करण्याची कल्पना इन्फ्लुएंझापासून सुरू झाली नाही. चार्ल्स आर्ट्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तंबाखूच्या झाडात कावीळ-ब विषाणूचे प्रथिन तयार केले. लहान मुलांना केळे खाऊ घालून लस द्यावी, अशी त्यांची मूळ कल्पना होती आणि ती वृत्तपत्रांत फार लोकप्रिय झाली. कच्च्या बटाट्यातून दिलेल्या लशीची मानवी चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्धही झाली. परंतु प्रत्येक फळात प्रथिनाचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे मात्रा ठरवता येत नाही. शिवाय औषधी पीक अन्नधान्यात मिसळण्याची भीती असते. अमेरिकेत २००२ मध्ये औषधी प्रथिनासाठी लावलेल्या मक्याचे अवशेष सोयाबीनमध्ये मिसळल्याचे उघडकीस आल्यावर खाद्यपिकांचा मार्ग बहुतेकांनी सोडला. शेताऐवजी बंदिस्त हरितगृह आणि खाद्यपिकाऐवजी निकोटियाना हा बदल या घटनांच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

मेडिकागो कंपनीचे नाव एका चारापिकावरून आले आहे. महाराष्ट्रात लसूणघास म्हणून दुभत्या जनावरांना घातल्या जाणाऱ्या पिकाचे शास्त्रीय नाव मेडिकागो सटायव्हा. कंपनीने आरंभी याच पिकात प्रथिने बनवण्याचा प्रयत्न केला होता. नंतर ती निकोटियानाकडे वळली, नाव तेच राहिले.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन संस्थेने महासाथीच्या काळात लस किती वेगाने बनवता येईल याची परीक्षा घेण्यासाठी अनेक वनस्पती-आधारित प्रकल्पांना निधी दिला. त्यांपैकी मेडिकागोने नॉर्थ कॅरोलिना राज्यातील आपल्या केंद्रात एका महिन्यात एच१एन१ लशीच्या १ कोटींहून अधिक मात्रा तयार केल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले. या मात्रा कोणाला टोचल्या गेल्या नाहीत, आणि एका मात्रेत किती प्रथिन धरायचे यावर असा आकडा अवलंबून असतो, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील फ्राउनहोफर संस्थेच्या केंद्रानेही एच५एन१ आणि एच१एन१ विरुद्धच्या वनस्पतीनिर्मित लशींच्या प्राथमिक मानवी चाचण्या केल्या.

मानवी वापरासाठी परवाना मिळालेले पहिले वनस्पतीनिर्मित प्रथिन लस नव्हते. गोशे या आनुवंशिक रोगावरील, गाजराच्या पेशींत बनवलेले विकर अमेरिकेत मे २०१२ मध्ये मंजूर झाले. २०१४ च्या इबोला साथीत काही रुग्णांना दिलेले ‘झेडमॅप’ हे प्रतिपिंडांचे मिश्रण निकोटियाना बेंथॅमियानात बनवलेले होते.

तिसऱ्या टप्प्यातील चाचण्या

मेडिकागोच्या हंगामी लशीत चार विषाणूंचे कण होते आणि प्रत्येकाचे ३० मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन होते. नेहमीच्या लशीत हे प्रमाण १५ मायक्रोग्रॅम असते. दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

पहिली चाचणी २०१७-१८ च्या हंगामात १८ ते ६४ वयोगटातील १०,१६० व्यक्तींवर झाली. निम्म्यांना लस आणि निम्म्यांना निष्क्रिय द्रव देण्यात आला. लशीतील विषाणूंशी जुळणाऱ्या विषाणूंमुळे होणाऱ्या श्वसनविकारापासून ३५.१ टक्के संरक्षण मिळाले. चाचणीने आधी ठरवलेले उद्दिष्ट याहून बरेच वरचे असल्याने ते गाठले गेले नाही. दुसरी चाचणी २०१८-१९ मध्ये ६५ वर्षे व त्यावरील १२,७९४ व्यक्तींवर झाली. तिच्यात तुलना अंड्यांत बनवलेल्या प्रचलित लशीशी होती. वनस्पतीनिर्मित लस प्रचलित लशीपेक्षा कमी दर्जाची नाही, हे सिद्ध करण्याचे उद्दिष्ट या चाचणीत साध्य झाले.

हे निष्कर्ष दोन्ही बाजूंनी वाचले गेले. ३५ टक्के हा आकडा आकर्षक नाही. परंतु इन्फ्लुएंझाच्या प्रचलित लशींचे संरक्षणही वर्षागणिक खूप बदलते आणि वाईट वर्षी ते याच्या आसपास असते. वनस्पतीनिर्मित लस अंड्याच्या लशीपेक्षा सरस ठरली नाही, तिच्या बरोबरीची ठरली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. अंड्यातील जुळवणुकीचा दोष टाळल्यामुळे संरक्षण ठळकपणे वाढेल ही अपेक्षा या चाचण्यांत पूर्ण झालेली दिसत नाही.

सुरक्षिततेबाबत मुख्य शंका प्रथिनांवरील शर्करांची होती. वनस्पती आपल्या प्रथिनांना माणसात न आढळणाऱ्या शर्करा जोडतात आणि परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांना त्यांचा त्रास होईल अशी भीती होती. चाचण्यांत तसा गंभीर प्रकार आढळला नाही. टोचल्या जागी दुखणे, डोकेदुखी, थकवा अशा नेहमीच्या तक्रारी आढळल्या.

तंबाखूचा प्रश्न

मेडिकागोने हीच पद्धत कोविड-१९ साठी वापरून ‘कोविफेन्झ’ ही लस बनवली. कॅनडाने तिला २४ फेब्रुवारी २०२२ रोजी मान्यता दिली. माणसासाठी मंजूर झालेली ही जगातील पहिली वनस्पतीनिर्मित लस होय. मात्र मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा आपत्कालीन यादीसाठी विचार करण्यास नकार दिला. कारण लशीच्या गुणवत्तेशी संबंधित नव्हते. मेडिकागोमध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचा हिस्सा होता आणि तंबाखू उद्योगाशी व्यवहार न करण्याचे संघटनेचे धोरण आहे. २००५ पासून अमलात असलेल्या तंबाखू नियंत्रण विषयक आंतरराष्ट्रीय करारात तंबाखू उद्योगाला आरोग्यधोरणापासून दूर ठेवण्याचे कलम आहे. भारतही या कराराचा सदस्य आहे.

या निर्णयावर मतभेद झाले. जीव वाचवणारी लस मालकाच्या नावामुळे नाकारावी का, असा एक प्रश्न होता; लशीच्या आडून सिगारेट कंपनीला प्रतिष्ठा मिळवू द्यावी का, असा दुसरा. परळमध्ये हा पेच एका रस्त्यावर उभा असलेला दिसतो. हाफकिन संस्थेच्या शेजारीच १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे आणि तेथे येणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत तंबाखू खाणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते.

निकोटियाना बेंथॅमियाना ही व्यापारी तंबाखू नव्हे. तिच्यापासून विडी, सिगारेट किंवा जर्दा बनत नाही. लस उत्पादनामुळे तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना पर्याय मिळेल, असे कधीकधी सुचवले जाते. निपाणी, कोल्हापूर, सांगली या तंबाखूच्या पट्ट्यासाठी ही आशा फारशी खरी नाही, कारण लशीची रोपे शेतात नव्हे तर निर्जंतुक, नियंत्रित हरितगृहात थोड्या जागेत वाढवली जातात.

फिलिप मॉरिसने डिसेंबर २०२२ मध्ये आपला हिस्सा सोडला. तोवर जगात कोविडच्या लसींचा तुटवडा संपला होता. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी जपानच्या मित्सुबिशी समूहातील मालक कंपनीने मेडिकागो बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कोविफेन्झ बाजारात आली नाही आणि हंगामी इन्फ्लुएंझाच्या लशीचे कामही तेथेच थांबले.

भारतातील स्थिती

भारतात वनस्पतीनिर्मित इन्फ्लुएंझा लशीला परवाना मिळालेला नाही. देशात बनणाऱ्या लसी मुख्यतः अंड्यांतील आहेत. हैदराबादच्या भारत बायोटेकने २०१० मध्ये पेशींत वाढवलेली एच१एन१ लस आणली होती. जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंचा वापर असल्याने अशी लस बनवण्यासाठी औषध नियंत्रकांखेरीज पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसारही परवानगी लागते. २०१० मध्ये बीटी वांग्याला मिळालेल्या स्थगितीनंतर जनुकपरिवर्तित अन्नाविषयी देशात जी साशंकता आहे ती या पद्धतीला तंतोतंत लागू होत नाही, कारण येथे पीक, बी किंवा अन्न यांपैकी काहीच शेतात वा बाजारात जात नाही.

लस कशात वाढवली जाते हा प्रश्न भारतात नेहमीच संवेदनशील राहिला आहे. प्लेगच्या लशीत काय घातले जाते याबद्दल १८९७ च्या मुंबईतही अफवा होत्या. अंडे न खाणाऱ्यांचा, तसेच अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांचा विचार करता पानांतून बनलेली लस काहींना अधिक स्वीकारार्ह वाटू शकते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा मुद्दा ऋतूचा आहे. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतील विषाणूंची शिफारस करते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. युरोप-अमेरिकेत इन्फ्लुएंझा हिवाळ्यात पसरतो. मुंबई-पुण्यात त्याचा जोर पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर या काळात असतो. त्यामुळे येथे लस एप्रिल-मे महिन्यांत घेणे उपयुक्त ठरते आणि नकाशावर उत्तर गोलार्धात असूनही दक्षिण गोलार्धाची शिफारस वेळेच्या दृष्टीने अधिक सोयीची पडते. अंड्यांच्या पद्धतीत विषाणूची निवड पावसाळ्याच्या कितीतरी आधी करावी लागते. उत्पादनाचा काळ काही आठवड्यांवर आला, तर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फिरणाऱ्या विषाणूंची पाहणी करून लशीतील निवड ठरवणे शक्य होईल. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या पाहणीतून ही माहिती वर्षभर गोळा होतच असते.